बसून जमेना, तेव्हा

‘मॅडम, सगळे म्हणतात ध्यान करा. मी बसतोही. पण डोळे मिटले की डोक्यात बाजार भरतो, छाती धडधडते आणि दहा मिनिटांनी उठतो तो आधीपेक्षा जास्त वैतागून. माझ्यातच काही खोट आहे का?’

हे विचारणारे गृहस्थ चाळिशीतले, पेशाने ऑडिटर. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) प्रश्न मात्र त्यांच्या एकट्याचा नाही. माझ्याकडे येणारे बरेच जण तो विचारतात, आणि विचारताना आवाज खाली जातो, नापास झाल्याचं घरी सांगताना जातो तसा.

धडधडीसाठी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी, थायरॉईड, सगळं ठीक निघालं. मग मी नेहमीचीच चूक केली, श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. तीन आठवड्यांनी त्यांनी वही काढली. तारीखवार नोंदी होत्या : किती मिनिटं बसलो, लक्ष किती वेळा भरकटलं. सतरा, बावीस, एकोणीस. दिवसभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधणारा माणूस घरी येऊन स्वतःच्या श्वासाचं ऑडिट करत होता. मला आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग आला. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

स्वस्थ बसल्यावर अस्वस्थता वाढते, ही गोष्ट मानसशास्त्राला नवी नाही. हाइडे आणि बोर्कोवेक या संशोधकांनी १९८३ मध्येच त्यावर लिहिलं आहे. सतत सावध राहायची सवय लागलेल्या माणसाला सैल होणं म्हणजे पहारा सोडल्यासारखं वाटतं. शिवाय श्वास ही फार बारीक दोरी आहे, प्रत्येकाच्या हाताला लागत नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात बैठकीच्या जोडीला हठयोगातल्या सावकाश हालचालीही होत्या. आपण मात्र ध्यान म्हटलं की आधी मांडी घालतो.

पुढच्या भेटीत एक गोष्ट दिसली. खुर्चीत बसले की त्यांचा पाय हलत राहायचा आणि वाक्यं अर्धवट सुटायची. त्या दिवशी बोलता बोलता उठले, खोलीत येरझाऱ्या घालू लागले, आणि बोलणं एकदम सरळ झालं. मी ‘ताई ची’ हा संथ हालचालींचा चिनी प्रकार सुचवला.

‘ते म्हाताऱ्यांचं असतं ना?’

नसतं. ती युद्धकला आहे. तिच्या संथ हालचालींत वार अडवणं, ढकलणं दडलेलं असतं. चीनमध्ये १९५६ साली तिचा चोवीस प्रकारांचा सोपा संच बांधला गेला, पुरा करायला पाच-सहा मिनिटं लागतात. या गृहस्थांनी तो व्हिडिओ बघून दोन शनिवार-रविवारांत पाठ केला आणि पुन्हा वही उघडली! शेवटी वर्गातल्या शिक्षकांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, महिनाभर फक्त पाऊल टाकायचं.

ते पाऊल त्यांनी मला करून दाखवलं. बूट काढले, गुडघे किंचित वाकवले. सगळा भार हळूहळू उजव्या पायावर नेला, इतका की डावा पाय ‘रिकामा’ झाला. हाच त्यांच्या वर्गातला शब्द. मग तो पाय उचलून पुढे नेला आणि टाच टेकवली, पण भार न देता, जमीन चाचपल्यासारखी. मग तळवा, मग बोटं, आणि त्यानंतर कुठे भार पुढे सरकला. एका पावलाला दहाएक सेकंद लागले असतील.

‘एवढ्यात विचार येत नाहीत?’

‘येतात की. पण विचारात शिरलो की घोटा डुगडुगतो. वहीत लिहावं लागत नाही.’

मला जे तीन आठवडे सांगता आलं नव्हतं, ते त्यांच्या घोट्याने सांगितलं होतं. लक्ष गेल्याचं तिथल्या तिथे कळतं, आणि कोणी रागावत नाही. धनुर्विद्येत, भिंतीवरच्या चढाईत, पोहण्यातही हेच होतं. पोहताना तर पाण्यात लांब उच्छ्वास सोडावाच लागतो, आणि उच्छ्वासाबरोबर हृदयाचे ठोके मंदावतात. यातलं आवडेल ते घ्या. फक्त कानात गाणी आणि समोर स्क्रीन ठेवून ट्रेडमिलवर पळणं मी यात धरत नाही. तो व्यायाम चांगलाच आहे, पण त्यात लक्ष दुसरीकडेच गुंतलेलं असतं.

आणि हो, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वर्ग शोधत बसू नका, आधी डॉक्टरांना गाठा.

दोन महिन्यांनी त्यांनी एका फोनबद्दल सांगितलं. वरिष्ठांनी ऐनवेळी आणखी एक काम पुढे केलं. होकार तोंडात आलाच होता, तेवढ्यात आपण चवड्यांवर उभे आहोत, टाचा जवळजवळ उचलल्या गेल्यात, हे त्यांना जाणवलं. टाचा टेकवल्या. मग म्हणाले, ‘उद्या सकाळी सांगतो.’ सकाळी नीट बघितलं, तर त्यातलं निम्मं काम त्यांचं नव्हतंच. तेवढं त्यांनी सरळ परत पाठवलं.

डोक्यातला बाजार अजूनही भरतो, असं तेच सांगतात. परवा मी विचारलं, चोवीसपैकी किती प्रकार झाले? ते थोडा वेळ आठवत राहिले. मोजले नव्हते.