घरच्यांना ओळखू येईल असा फोटो

अरे बाळा,

तुझा मेसेज वाचला. ८५ एमएमची लेन्स घेऊ का ५० वर भागवू, सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी पेटी) कुठला, आणि नाशिकच्या गंगापूर रोडला एवढे स्टुडिओ असताना मला पोर्ट्रेटचं काम मिळेल का, असं सगळं एका दमात विचारलंस. लेन्सचं आधी सांगते म्हणजे ते डोक्यातून निघून जाईल. तुझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा आहे, त्यावर ५० एमएम म्हणजे साधारण ७५-८० सारखी पडते, चेहऱ्याला पुष्कळ झाली, पैसे वाचव. फक्त एक लक्षात ठेव, फोटोत नाक मोठं दिसतं ते लेन्समुळे नाही, आपण फार जवळ गेलेलो असतो म्हणून. मोबाईल हातभर अंतरावर धरला की नाक पुढे आणि कान मागे, तेच दीड-दोन मीटर मागे सरक आणि मग झूम कर, तोच माणूस नीट दिसायला लागतो. नीट म्हणजे काय तर घरात समोर बसल्यावर बाकीच्यांना रोज दिसतो तसा.

आणि मला तुला हेच सांगायचंय. पोर्ट्रेट जमलं का नाही हे आपण ठरवत नाही, इन्स्टावरचे लोक तर नाहीच नाही, ते त्या माणसाच्या घरचे ठरवतात. बायको बघते आणि म्हणते "हो, हे असेच बसतात", तेव्हा काम झालं.

माझा स्टुडिओ पंचवटीत, गोदावरीवरच्या रामकुंडापासून चालत अंतरावर. दशक्रियेला, अस्थी घेऊन, कुठून कुठून लोक येतात तिथे, आणि त्यातले काही माझ्या पायऱ्या चढतात. फोटो मोठा करून पाहिजे असतो, हार घालायला. मी विचारते कुठला फोटो आहे, तर मोबाईल पुढे करतात आणि त्यात आधारकार्ड असतं. नाहीतर कुणाच्यातरी लग्नातला ग्रुप फोटो, त्यात आई मागच्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या फेट्याआड. सत्तर-पंचाहत्तर वर्षं जगलेली बाई आणि तिचा एकटीचा एक धड फोटो घरात नाही. मुलाकडे हजारो फोटो असतात रे मोबाईलमध्ये, पण सगळे नातवंडांचे, गाडीचे, ट्रिपचे. आई कुठे होती? आई स्वयंपाकघरात होती, वाढत होती. आणि बाप नसतो कारण बापाच्या हातात कॅमेरा होता. मी तो फेट्याआडचा चेहरा कापून, टचिंग करून, जमेल तेवढा उभा करून देते, पण मुलगा तो हातात घेतो आणि गप्प होतो, कारण ती त्याची आई दिसत नाही, तिच्यासारखी कुणीतरी दिसते.

म्हणून पहिलं काम सांगते, पैसे घेऊन नाही, असंच करायचं. ओळखीतल्या प्रत्येक घरात जाऊन म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढ. त्यांना स्टुडिओत बोलवू नकोस. स्टुडिओत आले की ते शाळेतल्या फोटोसारखे ताठ होतात, हात गुडघ्यावर, श्वास धरलेला. त्यांच्या घरी, त्यांच्या रोजच्या जागेवर काढ.

घरातला उजेड कसा बघायचा ते सांगते, हे कुठल्या कोर्समध्ये आपल्या घरांबद्दल सांगत नाहीत. जुन्या नाशकातले वाडे अजून थोडे शिल्लक आहेत, भद्रकालीकडे, सराफ बाजाराच्या मागे, तिथल्या खोल्या अंधाऱ्या असतात पण मधला चौक असतो ना, तो सोनं आहे. आजोबांना चौकात उन्हात बसवू नकोस, ओसरीच्या कडेला सावलीत बसव आणि तोंड चौकाकडे करायला सांग, वरून येणारा उजेड भिंतींवर आपटून इतका मऊ होऊन येतो की कुठलाही सॉफ्टबॉक्स तो देणार नाही. सिडकोतलं रो-हाऊस किंवा नाशिकरोडचा फ्लॅट असेल तर खिडकी शोध, माणसाला खिडकीपासून हातभर आत बसव, दुसऱ्या बाजूला काळोख फार वाटला तर थर्माकोलची शीट धर. आणि ट्यूबलाईट बंद कर. बंद करता येत नसेल तर शटर ५० किंवा १०० वर (सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग) ठेव, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, शटर फास्ट केलास की फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि तुला वाटतं कॅमेरा बिघडला.

अजून एक. आपल्याकडचे शेतकरी आजोबा म्हणजे पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर सगळ्या जगाला मधला करडा रंग समजून चालतं, त्याला एवढं पांढरं दिसलं की ते फोटो काळपट करतं आणि मग बिचारा सावळा चेहरा आणखीनच बुडतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप प्लस कर, म्हणजे फोटो उजळेल, नजर चेहऱ्यावर ठेव, टोपी थोडी जास्त उजळली तरी चालेल. चष्मा असेल तर काच चमकते, तेव्हा चष्मा काढायला सांगू नकोस, चष्म्याशिवाय त्यांना घरात कुणी ओळखत नाही, हनुवटी जरा खाली घ्यायला सांग किंवा दांड्या कानावर किंचित वर उचल, चमक निघून जाते. अपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एकदम उघडं टाकायचा मोह आवर. तुझ्या ५० ला एफ १.८ वर दीड मीटरवरून जेमतेम सहा-सात सेंटिमीटर शार्प येतं, माणूस जरा तिरका बसला आणि बोलताना हलला की गेलं. एफ ४ ठेव.

बोलायचं काय हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तोच खरा आहे. "हसा" म्हणू नकोस कधीच. बायकांना लग्नाचं विचार, सासरी पहिल्यांदा आल्या तेव्हा कशा आल्या, बैलगाडीने का एसटीने. पुरुषांना पहिल्या पगाराचं विचार, देवळाली कॅम्प, नोटांची प्रेस, विमानांचा एचएएल कारखाना, सातपूरच्या कंपन्या, नाशिकच्या माणसाला नोकरीचं विचारलं की चेहऱ्यावर सगळं येतं. आणि कॅमेरा लगेच डोळ्याला लावू नकोस, मांडीवर ठेवून ऐक, चहा पी. मला कधी कधी अर्धा तास एकही फोटो काढायला होत नाही आणि मग दहा मिनिटांत सगळं होतं. रोलच्या काळात ३६ फ्रेम असायच्या म्हणून थांबायची सवय लागली, तुझ्याकडे कार्डात हजारो फोटो मावतात पण थांबायला तूही शीक, कारण समोरचा माणूस तेवढाच वेळ घेतो मोकळा व्हायला, त्याला तुझ्या कार्डाशी काय घेणं.

लोक कॅमेऱ्याला घाबरतात हे काही नवीन नाही. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, १८७० चा जन्म, सिनेमात येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला होता, आणि पुढे बडोद्यात हाच धंदा सुरू केला तर तिथे असा समज पसरला की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, झालं, धंदा बसला. आज ती भीती राहिली नाही पण वेगळी आहे, आपण कसे दिसू याची. पंचेचाळिशीतली बाई आल्या आल्या सांगते "माझी ही बाजू चांगली नाही", "जरा बारीक दिसेल असं करा", "थोडं गोरं करून द्या ना". यात तुझी परीक्षा आहे. बारीक दिसायला उजेड बाजूने टाक, उभं तिरकं कर, ते चालतं. कालचा आलेला मुरूम खुशाल काढ, तो पुढच्या आठवड्यात जाणारच असतो. पण गोरं करू नकोस. मी नाही म्हणते, प्रेमाने म्हणते, पण नाहीच म्हणते, आणि त्यापायी एखादी ऑर्डर गेली तरी जाऊ देते. तुमचा रंग छान उजेडात छान दिसेल हे माझं काम, रंग बदलणं माझं काम नाही. आजीच्या कपाळावरचं गोंदण या त्वचा गुळगुळीत करायच्या ॲपने डाग समजून पुसलेलं मी बघितलंय, हनुवटीवरचे तीन ठिपके गायब, आणि घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही, ते बघून मला इतका त्रास झाला की काय सांगू. ते गोंदण तिच्या लहानपणी सुईने टोचून काढलेलं असतं रे. चेहऱ्यावर काय कायमचं आहे आणि काय चार दिवसांचं आहे, एवढं बघ आणि कायमच्याला हात लावू नकोस.

आता घरच्या कार्यक्रमांचं. बारसं, मुंज, डोहाळजेवण, साठीशांत, हे तुला सुरुवातीला मिळेल, आणि याला कमी समजू नकोस, मला तर स्टेजपेक्षा हेच आवडतं. स्टेजचे फोटो सगळे सारखे येतात. तू स्वयंपाकघरात जा. मागच्या अंगणात जा जिथे काका लोक खुर्च्या लावतायत. पाळण्यापाशी आत्या कानात नाव सांगते तेव्हा बाळाकडे सगळेच बघतात, तू एक फोटो पणजीचा काढ. मुलांचे फोटो काढताना जमिनीवर बस, शटर निदान २५० ठेव, आणि ज्याच्या हातात सारखा मोबाईल असतो फोटो काढायला त्याच्या हातून तो घे आणि त्याला रांगेत उभं कर.

ग्रुप फोटोत कुणीतरी डोळे मिटतंच. याच्यावर ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या दोघांनी हिशोब मांडला होता, त्याला २००६ चं इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर संख्येला चांगल्या उजेडात ३ ने आणि कमी उजेडात २ ने भागायचं, निदान तेवढे फोटो काढायचे, म्हणजे एक तरी फोटो सगळ्यांचे डोळे उघडे असलेला मिळण्याची खात्री बरीच वाढते. बारा जण वाड्यातल्या अंधाऱ्या ओसरीत असले तर सहा. मी दोन जास्तच काढते. दोन रांगा असल्या तर एफ ५.६ किंवा ८, आणि ज्येष्ठांना बसायला खुर्च्या आधी मांडून मगच हाक मार, त्यांना उभं ठेवून आपण लेन्स पुसत बसायचं नाही.

द्राक्षाच्या बागेत फोटो हे आता दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे फारच निघालंय. जानेवारी-फेब्रुवारीत घड भरलेले असतात, दिसायला सुंदर, पण मांडवाखाली उजेड पानांतून गाळून येतो आणि चेहरे हिरवट पडतात, नंतर कितीही सारवासारव केली तरी ती हिरवट झाक पूर्ण जात नाही. माणसांना ओळीच्या तोंडाशी आण, जिथे उघडं आकाश समोर आहे, आणि बाग मागे ठेव. शेतकऱ्याला आधी विचार, फवारणी कधी झाली ते पण विचार, घडाला हात लावू नका म्हणून सगळ्यांना बजाव, मण्यावरची लव, म्हणजे तो पांढरट मेणासारखा थर, पुसली गेली तर त्याचा माल उतरतो.

आणि जुने फोटो. हे तू नक्की करायला घे, कारण हे करायला कुणाला वेळ नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, भांडी बाजार सराफ बाजारात पाणी शिरलं, त्यानंतर कितीतरी दिवस लोक पिशवीत ओले अल्बम घेऊन येत होते. ओला फोटो पुसायचा नाही, चोळायचा नाही, स्वच्छ गार पाण्यात हळूच धुवून चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत वाळवायचा. एकमेकांना चिकटले असतील तर पाण्यातच ठेवून सुटू द्यायचे, वेळ नसेल तर प्लास्टिकमध्ये घालून सरळ फ्रीझरमध्ये. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नकोस, काचेसकटच फोटो काढ, फ्लॅश बंद, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, स्वतःच्या मागे काळा कपडा लाव. ते चिकट पानांचे अल्बम होते ना नव्वदच्या सुमाराचे, त्यातले फोटो पिवळे पडतायत, ते जमेल तसे काढून स्कॅन कर, लहान फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. आजोळचे कृष्णधवल फोटो अजून ठणठणीत असतात आणि त्यानंतरचे कलर लालसर होऊन बसलेत, तेव्हा कलर आधी घे. आणि स्कॅन करताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसव, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेव, हा कोण, ही कुणाची कोण. ती माणसं गेली की अल्बममध्ये अनोळखी लोक उरतात. प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने नाव लिही, पेनची शाई पुढच्या बाजूला उमटते.

कामाचं विचारलंस ना, मिळेल. पण नुसता पेनड्राईव्ह देऊन मोकळा होऊ नकोस, प्रत्येक घराला निदान एक ८ बाय १२ इंचाची प्रिंट दे, पॅकेजमध्येच धर, वेगळी मागू नकोस. प्रिंट भिंतीवर लागते, पाहुणे विचारतात कुणी काढला, तिथून पुढचं काम येतं. माझं बहुतेक काम असंच आलंय. त्या साईजला ३०० डीपीआयने २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत सहसा तेवढे नसतात हे गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेव.

तुझी आजी म्हसरूळलाच राहते ना अजून? या रविवारी जा. सगळे फोटो पाठव, निवडून नकोत, बिघडलेले पण पाठव, आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर फोटो लहान होऊन येतात आणि मला काहीच कळणार नाही. सोबत तुझ्या आईला विचारून लिही की यातला कुठला फोटो आजीसारखा दिसतो, तिने दाखवलेला आणि तुला आवडलेला वेगळा निघाला तर दोन्ही घेऊन दुपारी ये, दोन ते चार मी स्टुडिओतच असते, शेजारी शेजारी ठेवून बघू.

तुझी,
ताई