मॅसी १०३५: इंजिन बांधल्यावरही मागचं ऑइल सील का गळतं?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की मॅसी १०३५ ट्रॅक्टरचं इंजिन बांधलं, क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुढची-मागची दोन्ही ऑइल सीलं नवी टाकली, तरी दोन महिन्यांत क्लच घसरायला लागला अन् खालून ऑइल टपकतंय. मिस्त्री म्हणतो सील डुप्लिकेट निघालं, दुसरं टाकू. माझं मत स्पष्ट सांगतो: कारण न शोधता दुसरं टाकाल तर तेही तसंच गळेल. मागच्या सीलसाठी ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो, म्हणजे इंजिन अन् गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात, क्लच अन् फ्लायव्हील उतरवावं लागतं. एवढी मेहनत तिसऱ्यांदा नको.

तोडण्याआधी दोन गोष्टी पाहा. क्लच हाउसिंगच्या बुडाला एक भोक असतं, त्यात कॉटर पिन लटकलेली असते. तिथला थेंब बोटावर घ्या. काळा अन् जळक्या वासाचा असेल तर इंजिनाचं ऑइल. घट्ट, मधाच्या रंगाचा असेल तर ते गिअरबॉक्सचं, मग क्रँकच्या सीलला हात लावू नका, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील पाहा.

दुसरी गोष्ट ब्रीदर, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडायची वाट. आपल्याकडे सोयाबीन-हरभऱ्याच्या हंगामात ट्रॅक्टर दिवसदिवस थ्रेशरला जुंपलेला असतो, भुसा अन् धूळ ऑइलच्या वाफेला चिकटून ब्रीदर बुजतो. मग रिंगांजवळून खाली उतरलेल्या गॅसला वाट राहत नाही, अन् तो दाब सीलच्या क्रँकला टेकणाऱ्या ओठातून ऑइल बाहेर ढकलतो. ब्रीदर डिझेलने धुवून साफ करा. इंजिन गरम करून ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून भकाभका धूर येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा किंवा लायनर नीट बसलेले नाहीत. तसं असेल तर आधी त्याचा निकाल लावा. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे भरलेलं असलं तरी गळती वाढते, तेही बघून घ्या.

आता क्रँक. फ्लायव्हील उतरल्यावर सील जिथे घासतं त्या पट्ट्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चर पडलाय, अन् त्या चरावर कुठलंही कंपनी सील टिकणार नाही. हलकी खरड असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ऑइलमध्ये भिजवून गोलाईत फिरवा. लांबीच्या दिशेने एकही ओरखडा पडू देऊ नका, त्या रेघेतून ऑइल चालत बाहेर येतं. रबरी ओठाचं सील असून चर खोल असेल तर सील मूळ जागेपेक्षा साधारण ३ मिमी आत दाबून बसवा, म्हणजे ओठ न झिजलेल्या पट्ट्यावर चालेल. ती जागाही आधीच वापरून झाली असेल तर पातळ स्लीव्ह (धातूचं कडं) चढवावी लागते. क्रँकवर परतीचे आटे कापलेले असतील तर त्यांना पॉलिश पेपर लावू नका. फिरताना तेच ऑइल आत परत ओढतात.

सब्बलीने क्रँक मागे-पुढे ढकलून बघा. चाल ०.४ मिमीच्या आसपास किंवा वर असेल तर ही चाल रोखणारे थ्रस्ट वॉशर गेले. क्लचवर पाय ठेवून ट्रॅक्टर चालवायची सवय असली की हे हमखास होतं, कारण पेडल दाबलं की सगळा जोर क्रँकला पुढे रेटतो. मागचं मेन बेअरिंग ढिलं असेल तर क्रँक सीलमध्ये डगडगते, मग सील काय धरणार?

बसवणीत सगळ्यात जास्त चुका दोरीच्या सीलमध्ये होतात. मॅसी १०३५ चं इंजिन पर्किन्स घराण्यातलं. या घराण्याच्या जुन्या इंजिनांना मागे दोन अर्ध्या हाउसिंगमध्ये ऑइल अडवणारी दोरी असते, नंतरच्यांना रबरी ओठाचं सील. आधी जुनी दोरी ओली करून काढा, हवेने उडवू नका, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. नवी दोरी बसवताना प्रत्येक अर्ध्यात आधी दोन्ही टोकांकडचा इंचभर भाग खाचेत दाबा, टोकं हाउसिंगच्या तोंडाच्या ०.२५ ते ०.५० मिमी वर राहिली पाहिजेत. मग उरलेली दोरी मध्यापासून अंगठ्याने दाबा आणि शेवटी गोल दांड्याने आतून लाटत बसवा. पुष्कळ मिस्त्री वर आलेली टोकं ब्लेडने सपाट कापतात. तिथेच जोड उघडा राहतो, कारण तीच टोकं एकमेकांना दाबून जोड बंद करतात.

दोरीला ग्रॅफाइट ग्रीस चोळा. दोन्ही अर्धे क्रँकवर जोडून हाउसिंग हाताने गोल फिरवून बघा, फिरलं पाहिजे. मग नवं गॅस्केट अन् शेलॅक (जोड बंद करणारा चिकट लेप) लावून ब्लॉकला बोल्ट लावा आणि दोन अर्धे जोडणारे स्क्रू सगळ्यात शेवटी आवळा. हाउसिंगचं बूड ब्लॉकच्या बुडाशी सपाट आहे का ते पट्टीने तपासा, नाहीतर चेंबरचं (खालच्या ऑइलच्या टाकीचं) गॅस्केट तिथून गळेल.

रबरी सीलची स्प्रिंगची बाजू इंजिनाच्या आत हवी. बाण असेल तर तो क्रँकच्या फिरण्याच्या दिशेने. ओठाला ऑइल लावा. मात्र स्प्रिंग नसलेलं, प्लास्टिकच्या रिंगसोबत आलेलं टेफ्लॉनचं सील कोरडंच बसवतात, त्याला ऑइल-ग्रीस काहीच नको. ठोकताना सपाट रिंग ठेवून चहूबाजूंनी सारखं दाबा.

पुढचं सील सोपं आहे. टायमिंग कव्हरमधलं सील पुलीच्या हबवर चालतं, हबला चर असेल तर हब बदला किंवा लेथवाल्याकडून स्लीव्ह घ्या. पुली क्रँकवर अडकवणाऱ्या चावीच्या खाचेला थोडं शेलॅक लावा, ऑइल तिथूनही झिरपतं.

क्लच प्लेट ऑइलने भिजली असेल तर नवीच टाका. पेट्रोलने धुतलेली प्लेट ताप आला की पुन्हा घसरते, लायनिंगने आत प्यायलेलं ऑइल निघत नाही. सुरू केल्यावर पहिला अर्धा तास रेस देऊ नका. दोरीचं सील सुरुवातीला दोन-चार थेंब सोडतं, त्याला घाबरू नका. वखरणीच्या पहिल्या दिवसानंतर भोकातली कॉटर पिन पुसा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत बघा.