खडी-वाळू तपासणीचं सर्टिफिकेट काढताय? आधी नमुना घ्यायला शिका

परीक्षेची तयारी म्हटली की नवे लोक थेट चाळण्यांकडे वळतात. माझं ऐका, आधी नमुना घेण्यावर वेळ घाला. ढिगात मोठी खडी घरंगळून पायथ्याशी जमते. तिथूनच घमेलं भरलंत तर पुढची चाचणी कितीही काटेकोर केली तरी निकाल खोटाच. माथा, मध्य, पायथा, तिन्हीकडून घ्या. फावडं घालण्याआधी वरच्या अंगाला फळी खोचा, म्हणजे वरचे दगड घसरून नमुन्यात पडत नाहीत.

चार भाग करून नमुना कमी करताना समोरासमोरचे दोन भाग काढून टाकतो. त्यांच्या जागेवरची बारीक धूळही ब्रशने झाडून त्यांच्याबरोबरच जायला हवी. ही पायरी हमखास विसरली जाते.

चाळल्यानंतरच्या वजनांची बेरीज मूळ वजनापेक्षा ०.३ टक्क्यांहून जास्त वेगळी आली, तर एएसटीएम सी १३६ या चाळण चाचणीच्या अमेरिकन मानकाप्रमाणे तो निकाल माल मान्य करण्यासाठी वापरता येत नाही. आकडे जुळवत बसू नका, चाचणी पुन्हा करा. कृपा करून ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

एसीआयच्या, म्हणजे अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या, खडी-वाळू तपासणीच्या लेव्हल १ परीक्षेला लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही असतं. लेखी अभ्यासाने निघते. प्रात्यक्षिकासाठी मात्र एकेक पायरी मोठ्याने बोलत हात बसवा.