टारझनचं कातडं मांजरपाटातून: कोकणातल्या पार्टीसाठी पोशाख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्याच्या शेवटी देवगडला मित्राच्या होमस्टेवर शाळेची बॅच जमतेय, थीम 'जंगलचे हिरो', तुम्हाला टारझन व्हायचंय, हातात तीन आठवडे आहेत, दीड हजाराच्या वर खर्च करायचा नाही, पोट सुटलंय आणि उघड्या अंगाने सगळ्यांसमोर जायला नको वाटतं. भाड्याच्या दुकानातला छापील ठिपक्यांचा सॅटिनचा पोशाख बघून मन खट्टू झालं असंही लिहिलंय. ते होणारच. मी वीसेक वर्षं गावच्या नाटकांचे आणि शाळेच्या गॅदरिंगचे कपडे करतोय. सॅटिन दिव्याखाली चमकलं की समोरच्याला जंगल नाही, कापडाचं दुकान दिसतं.

आधी पोटाचं बघू. १९३२ साली जॉनी वाइसमुलर पडद्यावर आला आणि तेव्हापासून टारझन म्हणजे उघडी छाती आणि कमरेला टीचभर कापड असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. तो ऑलिंपिकमध्ये पाच सुवर्णपदकं मिळवलेला जलतरणपटू होता, त्याला ते शोभलं. पण टारझन हे पात्र १९१२ पासूनचं आहे आणि आधीच्या मूकपटांत एका खांद्यावरून आडवं घेतलेलं कातडंही दिसतं. तुम्ही तेच करा. छातीचा बराच भाग आणि पोट झाकलं जातं, एक दंड मोकळा राहतो, आणि अंग लपवल्यासारखंही वाटत नाही.

सगळी मेहनत त्या एका कातड्यावर घाला, बाकी गोष्टी दुय्यम. अडीच मीटर मांजरपाट आणा. कोरा मांजरपाट खळीने कडक असतो, म्हणून गरम पाण्यात साबण घालून दोनदा धुवा. खळ राहिली तर रंग डागाडागांनी बसतो. मग पाच लिटर पाण्यात शंभर ग्रॅम चहा पावडर उकळा, कापड त्यात अर्धा तास खदखदू द्या आणि रात्रभर तसंच ठेवा. ओळखीची टपरी असेल तर दोन दिवसांचा चोथा मागून घ्या, तोही चालतो, फक्त दुप्पट-तिप्पट घ्या. वखारीत ऐनाची साल पडलेली मिळाली तर फारच उत्तम. तिचा रंग चहापेक्षा गडद आणि तांबूस येतो. जिवंत झाडाची साल मात्र सोलू नका. आपल्याकडे मासेमारीची सुती जाळी होती तेव्हा ती झाडांच्या सालींच्या काढ्यातच बुडवत, म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाला ही विद्या नवी नाही. थोडा पिवळेपणा हवा म्हणून शेवटी चमचाभर हळद घालता येते, पण त्यानंतर त्या कापडाला साबण लावू नका, लाल होईल.

आता ठिपके. इथेच बहुतेक जण ऑइल पेंट घेऊन बसतात आणि कापडाचा पत्रा होतो. माझी पद्धत वेगळी आहे. पहिल्याच दिवशी एका बरणीत मूठभर गंजलेले खिळे टाका, वर पांढरं व्हिनेगर ओता आणि आठवडाभर ठेवा. झाकण सैल ठेवा, आत वायू धरतो. आठवड्याने तपकिरी, उग्र वासाचं पाणी तयार होतं. चहात रंगवून वाळवलेल्या कापडावर ते ब्रशने लावा. लावताना नुसता ओला डाग दिसतो. दोन-चार मिनिटं बघत राहा: डाग आधी राखाडी होतो, मग कडेने निळसर काळा पडत जातो आणि कापडाच्या आत उतरतो. चहात आणि सालीत टॅनिन असतं, त्याचा लोखंडाशी संयोग होऊन हा काळा रंग बनतो. तो वर बसलेला नसतो, धाग्यातच असतो, त्यामुळे कापड मऊ राहतं आणि घामाने पोपडे निघत नाहीत. सुकल्यावर साध्या पाण्यातून काढा आणि दोन दिवस वाऱ्यावर टाका, वास जातो. लोखंडाने कापड काही वर्षांत विरतं, पण तुमच्या एका रात्रीला काही होणार नाही. हातमोजे घाला, नखं काळी होतात.

ठिपके कसे काढायचे यावर माझं जरा जास्तच लक्ष असतं. आमच्याकडे गावात बिबट्यालाच वाघ म्हणतात, म्हणून 'वाघाचं कातडं' सांगितलं की शिंपी हमखास पट्टे काढून देतो. टारझन आफ्रिकेतला, आणि आफ्रिकेच्या रानात पट्टेरी वाघ नाही. त्याला बिबट्याच हवा. बिबट्याच्या कुशीवर भरीव ठिपके नसतात. तुटक-तुटक काळ्या कड्यांची फुलं असतात आणि फुलाच्या आतला रंग बाहेरच्यापेक्षा थोडा गडद असतो. भरीव ठिपके पायांवर आणि डोक्यावर. सगळ्या अंगावर भरीव गोल ठिपके काढलेत तर तो चित्ता झाला. म्हणून कापडाच्या मधल्या भागात, म्हणजे तुमच्या छाती-पोटावर, मोठी तुटकी फुलं काढा, आत चहाच्या घट्ट अर्काचा एक हात द्या, आणि कडांकडे जाताना ठिपके लहान आणि भरीव करत न्या. सगळी फुलं एका मापाची नकोत. जवळच्या संग्रहालयात पेंढा भरलेला बिबट्या असेल तर तासभर त्याच्यासमोर उभे राहा, फोटोपेक्षा जास्त कळेल.

कापायची वेळ आली की चौकोन विसरा. कातड्याला पोटाचा फुगार असतो, चार पायांच्या निमुळत्या पट्ट्या असतात. एक पट्टी खांद्यावरून मागे न्या, एक कमरेशी लोंबू द्या. आणि कडा! कापडाच्या दशा काढून 'रानटी' दिसेल असं लोकांना वाटतं. दशा निघाल्या की ते कापड आहे हे लगेच कळतं, कातड्याची कड कधी उसवत नाही. फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून बोटाने कडेकडेने लावा, वाळताना कड किंचित मुरडू द्या. सुकल्यावर ती चामड्यासारखी ताठ राहते. वजन येण्यासाठी कापड दोनपदरी घ्या आणि आतून गोधडीसारखे लांब धावटाके घाला. हे केलं नाहीत तर समुद्राच्या वाऱ्यावर ते ओढणीसारखं उडेल.

कमरेखाली आपल्या कोळी बांधवांच्या रुमालाचा आधार घ्या. त्रिकोणी घडी, टोकं कमरेला घट्ट. हलत्या होडीत दिवसभर जाळी ओढताना जे सुटत नाही, ते तुमच्या नाचण्या-बसण्यात सुटणार नाही. रुमाल म्हणून ओळखू येणारं चौकड्याचं कापड मात्र घेऊ नका, तो त्यांचा पेहराव आहे. पद्धत घ्या, कापड आपलं रंगवलेलं. आत तपकिरी सायकलिंग शॉर्ट्स घाला म्हणजे मांडी घालून निर्धास्त जेवता येईल.

यालाच जोडून एक सांगतो. थीम 'जंगल' म्हटली की कोणीतरी तोंडाला काळं फासून, कमरेला पानं बांधून 'आदिवासी' होऊन येतो. तुम्ही तसं करू नका आणि जमलं तर मित्रांनाही सांगा. काथ पाडणारे म्हणून ज्यांना कातकरी नाव पडलं ते लोक आपल्या शेजारी राहतात, आपल्या कलमांच्या बागांत राबतात. होमस्टेवर त्या रात्री वाढायला, भांडी घासायला त्यांच्यातलंच कोणी असेल. तुम्ही एका कथेतलं पात्र होताय, कोणाच्या जमातीची नक्कल करत नाही, एवढी रेघ पाळा. रंग फासायची गरजही नाही: टारझन गोरा इंग्रज सरदारपुत्र, आपण सावळे, आणि त्याने काहीही बिघडत नाही.

मेकअप अगदी कमी. खोबरेल तेलात काजळी किंवा लाल माती कालवू नका. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांनाच पातळ होतं, मे महिन्यात दहा मिनिटांत सगळं मानेवर ओघळेल. पाण्यात कालवायचा पॅनकेक (रंगभूषेची वडी) पातळ हाताने, वर पावडर, आणि दंडावर-पोटरीवर तपकिरी लिपस्टिकचे दोन-तीन बारीक ओरखडे. आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून बघा, खाज सुटली तर सोडून द्या. घरात जुन्या नाटकाच्या पेटीत मुर्दाडशिंग सापडलं तर त्याला हात लावू नका, त्यात शिसं असतं. केसांना मिठाचं पाणी शिंपडून बोटांनी विस्कटा. विग नको.

पट्टा आणि दोर यासाठी सुंभ आहेच, पण नवा सुंभ अंगाला टोचतो. रात्रभर भिजवा, दगडावर बडवा, वाळवून जुन्या गोणपाटाने घासा. खांद्यावर वेल हवी असेल तर तीन पदरी सुंभ चहात बुडवून पिळा. गारंबीची वेल दिसायला अप्रतिम, पण तिला वाढायला कैक वर्षं लागतात, एका रात्रीसाठी तोडू नका. रानात काही गोळा करायला गेलातच तर खाजकुयलीच्या शेंगांकडे लक्ष ठेवा. या दिवसांत त्या वाळलेल्या असतात, लव अंगावर उडाली तर पार्टीच राहील. आंब्याची पानंही नकोत. माझ्याच एका गॅदरिंगला सकाळी शिवलेल्या आंब्याच्या पानांच्या घेरात उंबील (चावऱ्या लाल मुंग्या) निघाली आणि सहा वर्षांचा मुलगा रंगमंचावर कळवळून रडला. चूक माझी होती, पानं झटकून बघितली नव्हती. त्यानंतर पानं लागलीच तर मी फणसाची घेतो, एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसून, हिराने (झावळीच्या पानाच्या काडीने) टाचून. ती जाड असतात, संध्याकाळपर्यंत तग धरतात.

सुरा लाकडाचाच. माडाच्या झावळीचं जाड बूड, ज्याला आम्ही पिडा म्हणतो, कोयत्याने तासून, पॉलिश पेपरने घासून चांगलं पातं होतं. सावंतवाडीला जाणं होणार असेल तर चितारआळीत विचारा. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी करणारी ती गल्ली आहे. गळ्यातले दात करवंटीचे तुकडे घासून किंवा एम-सीलचे करा. खरं वाघनख कोणी 'आजोबांचं आहे' म्हणून देऊ केलं तरी घालू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

पाय अनवाणी ठेवू नका, चिऱ्याच्या अंगणात रात्री बाटलीची काच दिसत नाही. जुन्या चामडी चपलेच्या पट्ट्यांना उरलेल्या मांजरपाटाच्या चिंध्या गुंडाळा. टारझनचा चिंपांझी म्हणून बरोबर खेळण्यातलं माकड न्यायचं असेल तर बिनशेपटीचं शोधा. चिंपांझीला शेपूट नसते आणि बाजारात मिळणारी बहुतेक शेपटीवाली असतात. तसंच मिळालं तर शेपूट सरळ कापून टाके घाला. पत्नी जेन, म्हणजे टारझनची जोडीदार, होणार असतील तर पांढरा सुती शर्ट, खाकी पँट आणि हॅट एवढं पुरे.

खरं सोंग वठतं ते बसण्या-उठण्यातून. खुर्ची मिळाली तरी अधूनमधून पायरीवर उकिडवे बसा, हात गुडघ्यांवर सैल. बोलण्याआधी मान वळवून बघा. आरोळी एकदाच ठोका, आत येताना, तीही पोटातून. घसा खरवडलात तर उरलेली रात्र बोलता येणार नाही.

सुंभ, सुकी पानं, गोणपाट सगळं भुरकन पेटतं. शेकोटी किंवा बार्बेक्यू असेल तर तीन हात लांब राहा आणि खांद्यावरची वेल आधी काढून ठेवा. पार्टीच्या आठवडाभर आधी सगळं चढवून दोन तास घरात वावरा, जेवा, जिना चढा; जिथे काचेल तिथे आतून मऊ धोतराची पट्टी शिवा. खांद्याची गाठ नुसती ठेवू नका, मारून झाली की तिला आतून चार टाके घाला, आणि दोन मोठ्या सेफ्टी पिना त्याच गाठीच्या पोटात अडकवून ठेवा.