खड्यांसाठी पित्ताशय काढले आणि अहवालात कर्करोग निघाला. दुसरी शस्त्रक्रिया लागते का?

आपल्या आईंचे पित्ताशय खड्यांसाठी दुर्बिणीने काढले, बायोप्सीच्या अहवालात अनपेक्षितपणे कर्करोग, टप्पा टी-२, असे आले. एक सर्जन म्हणतात की पित्ताशयच निघाले असल्याने नुसते लक्ष ठेवू, दुसरे पुन्हा शस्त्रक्रिया सांगतात, तेव्हा ऐकावे कोणाचे, असे आपण विचारले आहे. मी मुंबईत पॅथॉलॉजिस्ट म्हणून असेच अहवाल लिहितो. पोटाच्या स्कॅनमध्ये आजार इतरत्र पसरलेला दिसला नाही आणि आईंची प्रकृती झेपण्याजोगी असली, तर माझा कौल दुसऱ्या सर्जनच्या बाजूने आहे.

कारण पित्ताशयाच्या भिंतीत आहे. ही भिंत जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते: आत अस्तर, मग स्नायूंचा थर आणि त्याबाहेर सैल ऊतींचा एक थर. पोटाच्या बाजूला त्यावर आणखी एक आवरण असते. यकृताला चिकटलेल्या बाजूला ते नसतेच. खड्यांच्या शस्त्रक्रियेत सर्जन पित्ताशय यकृतापासून सोडवतात ते याच सैल थरातून, आणि टी-२ याचा अर्थ कर्करोगाच्या पेशी स्नायू ओलांडून नेमक्या याच थरात पोहोचल्या आहेत. म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेत कोणाचीही चूक झालेली नसली, तरी काही पेशी यकृतावर राहिल्या असण्याची शक्यता उरते. शिवाय जवळच्या लसीका ग्रंथी त्या वेळी काढलेल्या नसतात. आजार स्नायूंपर्यंतही पोहोचलेला नसता, म्हणजे टी-१ए असता आणि पित्ताशयाच्या नळीची कापलेली कडा स्वच्छ, म्हणजे कर्करोगाच्या पेशींविना असती, तर पहिल्या सर्जनचे म्हणणे बरोबर ठरले असते. स्नायूंत शिरलेल्या टी-१बी आजारातही बहुतेक तज्ज्ञ पुन्हा शस्त्रक्रियाच सुचवतात.

मात्र त्याआधी ब्लॉक (मेणात बसवलेले पित्ताशयाचे तुकडे) आणि स्लाइड (त्यांचे काचेवरचे पातळ काप) दुसरीकडे तपासून घ्या, आणि हे मी आग्रहाने सांगतो. पित्ताशय आमच्या टेबलावर येते तेव्हा पुष्कळदा ते आधीच उभे चिरलेले असते, कारण नातेवाइकांना खडे दाखवायचे आणि बाटलीत घालून द्यायचे असतात. मग फॉर्मॅलिनमध्ये आकसलेल्या त्या तुकड्यावरून यकृताकडची बाजू कोणती, हे आम्हाला ओळखत बसावे लागते. ती बाजू कळणे महत्त्वाचे असते, कारण यकृताकडचा टी-२बी आजार पोटाकडच्या टी-२ए पेक्षा अधिक त्रासदायक ठरतो. दुसरे असे की, अस्तराच्या काही खाचा मुळातच स्नायूंत खोल गेलेल्या असतात आणि कर्करोग नुसता त्या खाचांत पसरला असला, तरी तो खोल शिरल्यासारखा भासू शकतो. नळीच्या कडेवर पेशी आहेत का, हेही अहवालात स्पष्ट लिहिलेले हवे. त्या असल्या, तर पुढे पित्तनलिकेचाही भाग काढावा लागू शकतो.

रुग्णालयाकडून ब्लॉक, स्लाइड आणि शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्या. तो आपला हक्क आहे. पित्ताशय फाटून पित्त सांडले का, पित्ताशय पिशवीत घालून बाहेर काढले का, हे त्या नोंदीत पाहा, कारण सांडलेल्या पित्ताबरोबर पेशी पोटात पसरू शकतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरून आलेले ब्लॉक पुन्हा तपासले जातात आणि यकृत-पित्तमार्गाचे सर्जनही तिथेच आहेत. आपण डोंबिवलीत राहता, तेव्हा फाइल काढायला सकाळी लवकरच निघा.

स्कॅनबाबत एक सूचना. पेट-सीटी या स्कॅनमध्ये कर्करोग उजळ दिसतो, पण पहिल्या शस्त्रक्रियेनंतर लगेच केल्यास त्यात भरून येणारी जखमही उजळ दिसते, त्यामुळे तो वाचताना शस्त्रक्रियेची तारीख रेडिओलॉजिस्टला सांगायला विसरू नका. दुसरी शस्त्रक्रिया साधारणपणे पहिलीनंतर चार ते आठ आठवड्यांत करतात. तीत पित्ताशयालगतचा यकृताचा भाग आणि परिसरातील ग्रंथी काढतात. आजाराचा टप्पा नीट ठरवायचा, तर निदान सहा ग्रंथी तपासायला मिळाव्यात, असा संकेत आहे. पूर्वी दुर्बिणीची छिद्रेही कापून काढत, पण त्याचा लाभ दिसला नाही, त्यामुळे आता ते सरसकट केले जात नाही.

त्यानंतर बहुतेकांना कॅपेसिटॅबिन या केमोथेरपीच्या औषधाच्या गोळ्या सुमारे सहा महिने देतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या बिलकॅप या ब्रिटिश चाचणीनंतर ही पद्धत रूढ झाली. हातापायांचे तळवे लाल होऊन सोलवटणे हा त्यांचा नेहमीचा त्रास आहे, तो दिसताच डॉक्टरांना कळवावे, म्हणजे ते मात्रा कमी करू शकतात.