फोर-बाय-फोरचा दिवा लुकलुकतो म्हणून ट्रान्सफर केस उतरवू नका

तुम्ही लिहिलंय की बेळगावजवळच्या खानापूरकडची जुनी, स्विचवाली फोर-बाय-फोर एसयूव्ही बघताय. स्विच फोर-एचवर (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) फिरवला की दिवा लुकलुकत राहतो, फोर-एल (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) पडतच नाही, वळताना गाडी अडखळते आणि मेकॅनिक म्हणतो, अख्खी ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) बदला. ही तीन लक्षणं तीन वेगळ्या कारणांची असू शकतात, आणि त्यातली बरीच केसच्या बाहेरच असतात.

आधी अडखळणं, कारण फसगत तिथेच होते. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती फोर-बाय-फोर होणाऱ्या गाडीत फोर-एच टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (केसमधून पुढे-मागे ताकद नेणारे लांब दांडे) एकमेकांना घट्ट बांधले जातात, मध्ये वेगातला फरक सामावणारा डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून हा फरक भरून निघतो, कोरड्या डांबरावर तो ताण बनून केसमधल्या, पुढचा शाफ्ट फिरवणाऱ्या चेनमध्ये साठतो. त्यामुळे उन्हाळ्यात जांबोटी-चोर्ला रस्त्यावर फोर-एचमध्ये गाडी अडखळली तर तो बिघाड नाही, चाचणीची जागा चुकली. टू-एचमध्येही (फक्त मागची चाकं) अडखळत असेल तर मात्र दोन शाफ्टांचा जोड केसच्या आत अडकून बसलाय. अशा वेळी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्या. नुसता ताण असेल तर जोड सुटतो.

टायरही मोजा. २३५/७५ आर १५ टायरची एक जोडी ८ मिमी नक्षीची आणि दुसरी झिजून ३ मिमीवर आलेली असेल, तर घेरात सुमारे ३१ मिमीचा फरक पडतो. म्हणजे किलोमीटरमागे साधारण ६ फेऱ्या. सरळ रस्त्यावरसुद्धा चेन ताणलेली राहते.

आता लुकलुकणारा दिवा. बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.४ हवी. मग फ्यूज, रिले, आणि केसला लावलेल्या शिफ्ट मोटरचा (स्विच फिरवल्यावर जोड पाडणारी मोटर) कनेक्टर. खानापूर भागातल्या पावसात वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीत या कनेक्टरमध्ये लाल माती आणि पिनांवर हिरवा थर सापडणं अगदी नेहमीचं. इग्निशन चालू ठेवून कुणाला तरी स्विच फिरवायला सांगा आणि मोटरला हात लावा. रिले टकटकतो पण मोटर गुरगुरत नाही, तर टेस्ट लॅम्पने मोटरपर्यंत करंट येतो का बघा. येत असेल तर मोटर काढून शिफ्ट शाफ्ट पान्याने हलकेच फिरवा. जोड नीट पडला तर केस शाबूत आहे, दोष मोटरचा किंवा तिच्यातल्या पोझिशन सेन्सरचा. फोर-एलसाठी गाडी थांबलेली आणि क्लच पूर्ण दाबलेला लागतो. क्लच पेडलचा स्विच गेला असेल तरी फोर-एल पडत नाही. स्वस्तातला भाग आहे, तो आधी तपासा.

पुढची जॅकची चाचणी कुणी टाळू नये. मऊ मातीत फोर-एच टाकून १०-१५ मीटर सरळ चालवा, म्हणजे पुढचे हब (चाक हाफ शाफ्टला जोडणारे भाग) लॉक होतील. मग सपाट, टणक जागी आणून इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. पुढचं एकच चाक जॅकवर उचलून खाली स्टँड लावा आणि चाक हाताने फिरवा. थोड्या ढिलाईनंतर ते अडलं तर सगळं जुळलंय. चाक फिरतंय आणि पुढचा प्रोपेलर शाफ्टही फिरतोय, तर केसमधला जोड पडलेला नाही. चाक फिरतंय पण शाफ्ट जागीच, तर दोष हबचा. त्या चाकाचा हाफ शाफ्ट (पुढच्या डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) फिरत असेल तर पलीकडचा हब सुटलाय, फिरत नसेल तर अलीकडचा. हब व्हॅक्यूमचे असतील तर रबरी नळीची चीर शोधा.

केसचं ऑइल बघताना वरचा, ऑइल भरायचा फिल प्लग आधी उघडा. तो जाम असेल आणि ऑइल आधीच सोडलं, तर भरणार कुठून? पातळी भोकाच्या काठाला हवी. जिप्सीसारख्या गिअरवाल्या केसला गिअर ऑइल लागतं, चेनवाल्या केसला बहुधा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल). मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरलंय. तापलेली केस ओढ्यात उतरली की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाइप (केसमधली हवा आत-बाहेर जाण्याची नळी) तुटका असेल तर पाणी खेचलं जातं. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवरचा राखाडी लगदा चालतो, टोकदार तुकडे चालत नाहीत. केसमध्ये ऑइल कमी आणि गिअरबॉक्समध्ये जास्त, असं दिसलं तर दोघांमधलं सील गेलंय.

फोर-एलमध्ये चढावर जोर दिल्यावर ठणठण दात सुटल्यासारखा आवाज आला आणि टू-एचमध्ये गाडी शांत असेल, तरच चेन लांबलीय म्हणा. टू-एचमध्येही वेगाबरोबर वाढणारा आवाज बेअरिंगचा किंवा शाफ्टच्या क्रॉसचा. फोर-एल आपोआप सुटून न्यूट्रल होत असेल तर शिफ्ट फोर्क (आतले गिअर सरकवणारा काटा) झिजलाय.

केस उघडायची वेळ आलीच, तर चेनबरोबर दोन्ही स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) दात बघा. झिजलेल्या दातांवर नवी चेन काही महिन्यांत परत लांबते. बेअरिंग बसतं ती झिजलेली जागा बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवर दुरुस्त करून मिळते, पण तडा गेलेली बॉडी वेल्ड करून घेऊ नका. तशी गाडी सोडून द्या.