आधी नीट बघ, मग ड्रिल उचल

अरे, सांगलीत आलास म्हणजे एसीएल (गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट) तुटलेले गुडघे भरपूर मिळतील. तालीम, कबड्डी आणि दुचाकी आहेतच. पण ग्राफ्टची (तुटलेल्याच्या जागी बसवायच्या टेंडनची) घाई करू नकोस, आधी बघायला शीक.

३० अंशाची स्कोप (गुडघ्यात घालायची, तिरकं बघणारी दुर्बीण) पुरते. कॅमेरा सरळ धर आणि लाइट केबल फिरव. नवी पोरं कॅमेराच फिरवतात, मग पडद्यावर वर-खाली कळत नाही.

बाहेरच्या पोर्टलमधून (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या छोट्या छेदातून) नॉचची, म्हणजे मांडीच्या हाडाच्या टोकातल्या खाचेची, बाहेरची भिंत तिरकी, आखूड दिसते. मी सुरुवातीला तिथूनच बघून रेसिडेंट्स रिजलाच (त्या भिंतीवरच्या हाडाच्या उंचवट्याला) भिंतीची मागची कड समजलो. ग्राफ्टसाठी फीमरमध्ये (मांडीच्या हाडात) पाडलेला बोगदा बराच पुढे गेला. पोरगा कबड्डीपटू होता, त्याचा गुडघा पुढं कधी पूर्ण वाकलाच नाही. आजही टोचतं ते. तेव्हापासून स्कोप आतल्या पोर्टलमध्ये घालतो, म्हणजे भिंत समोरासमोर दिसते. हत्यारांसाठी आणखी आत, खाली तिसरं पोर्टल. त्याची जागा आधी सुईनं तपास, मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) कापशील नाहीतर. गुडघा ९० अंशात ठेवून बोगद्याच्या जागेची खूण कर. जुन्या लिगामेंटचे धागे असतील तर त्यांचाच माग काढ, सगळं खरवडून साफ करायची हौस नको. मागची कड प्रोबनं (टोकाला वाकलेल्या बारीक सळईनं) चाचपल्याशिवाय ड्रिल मागू नकोस.

ड्रिलसाठी गुडघा ११०-१२० पर्यंत वाकवलास की फॅट पॅड (गुडघ्यातली चरबीची गादी) पुढ्यात येतो, पंपानं सांध्यात सोडलेलं सलाइनचं पाणीही अडतं. थोडा शेव्हर (मऊ भाग खरवडून ओढून घेणारं हत्यार) आधीच फिरव.

रक्तानं पडद्यावर सगळं लाल झालं की लगेच पंपाचं प्रेशर चढवू नकोस. सलाइनची पिशवी रिकामी तर नाही ना, बघ. भूलतज्ज्ञांना बीपी विचार.